पंधरा ऑगस्टची पहिली जुडी

मला जर्मन येतं. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या लोकांना, त्यांनी विचारलेलं नसताना, ऐकवलं आहे की माझा नवरा हल्ली ते कानावर पडलं की चहा टाकायला उठतो. पुण्यात मी जर्मन शिकले, तिथेच शिकवायला लागले. मग वीसेक वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीने त्याला म्हैसूरला धाडलं आणि त्याच्या पाठोपाठ मी आणि माझं जर्मन इथे आलो. इथे मी शिकवण्या केल्या, यंत्रांच्या माहितीपत्रकांची भाषांतरं केली, साठीला पोचले, तरी माझ्या जर्मनची खरी कदर करणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यामुळे अक्कांनी ती बातमी आणली तेव्हा मी हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं माझी आई म्हणायची, ते तेव्हा आठवायला हवं होतं.

अक्का म्हणजे आमच्या शेजारीण, निवृत्त शिक्षिका. त्यांचं घराणं चार पिढ्या म्हैसुरात. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीला कानडीची फोडणी अशी की नवख्याला ठसका लागावा. त्यांचा एक जुना विद्यार्थी पिरियापट्टणच्या पलीकडे एका खेड्यात फादर होता.

“अय्यो वैनी, मी सांगून टाकलं त्याला,” अक्का दारातूनच म्हणाल्या. “त्याचं चर्च जर्मन लोकांनी सुरू केलेलं आहे म्हणे. यंदा मोठा उत्सव, इतिहासाचं पुस्तक काढतायत. आणि त्या जर्मनांची जुनी वही कोणालाच वाचता येत नाही. म्हटलं आमच्या वैनी आहेत, सुम्मने, उगाच काळजी करू नको. तुम्ही वाचून द्यायची. आयतु.”

आयतु म्हणजे झालं, संपलं. अक्कांची सगळी कामं या शब्दाने सुरू होतात.

जुलैच्या मध्यावर आम्ही तिघं निघालो. नवरा गाडी चालवायला, अक्का कानडी बोलायला आणि मी मिरवायला. वीस वर्षांत माझं कानडी बाजाराच्या पुढे गेलेलं नाही, हे इथेच कबूल केलेलं बरं. पिरियापट्टण सोडलं की दोन्ही बाजूंना तंबाखू. कमरेएवढी रोपं, टोकाला गुलाबी फुलांचे तुरे, आणि मधूनमधून पानं भाजायच्या उंच कोठ्या. बेट्टदपुरचा डोंगर कधी डावीकडे दिसायचा, कधी उजवीकडे. नवरा म्हणाला, “डोंगर फिरतोय की आपण चुकतोय?” आपण चुकत होतो.

चर्च छोटंसं निघालं. कौलारू, पांढरं, समोर मोठं फणसाचं झाड. फादर जेमतेम पस्तिशीचे, हसरे, अक्कांच्या पाया पडायला वाकले तर अक्कांनी वरच्या वर त्यांचा कान धरला. मग आम्हाला बसवून त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

या चर्चचे जर्मन कोणी धर्मप्रसारक नव्हते. पोटासाठी आलेले लोक होते. दोघं भाऊ आणि थोरल्याची बायको. आधी कोडगूत, म्हणजे कुर्गात, कॉफीच्या मळ्यावर नोकरी होती, ती सुटली, तेव्हा खाली उतरून त्यांनी इथे कौलांची भट्टी घातली. रविवारी प्रार्थनेला जायचं तर बैलगाडीने दीड दिवस. म्हणून थोरल्याने स्वतःच्या हाताने चार भिंती उभ्या केल्या आणि त्यावर स्वतःचीच कौलं घातली. वर्षातून चारदा एखादा पाद्री यायचा. भट्टीवरची माणसं हळूहळू येऊन मागे बसायला लागली. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून त्या कुटुंबाला इंग्रजांनी पकडून नेलं. परत कोणी आलं नाही. भट्टी मोडली, चर्च राहिलं, आणि मागे बसणारे पुढे येऊन बसले.

“आज इथे दीडशे घरं आहेत,” फादर म्हणाले, “आणि त्यांच्यापैकी एकाला जर्मन येत नाही.”

“मला येतं,” मी म्हटलं. नवरा उठून फणस बघायला गेला.

फादरनी कपाटातून वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कडा वाळवीने कुरतडलेली. मी चष्मा पुसला, पान उघडलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. एक अक्षर लागेना! अहो, तो जुना वळणदार लेखनाचा प्रकार होता, जर्मनीत आज आजोबांची पत्रं नातवंडांना वाचता येत नाहीत तो. आपल्याकडे शाळेत मराठीत पहिला आलेल्या मुलाच्या हातात मोडीतला कागद दिला तर त्याचं जे होईल ते माझं झालं. फादर आशेने बघत होते. अक्का अभिमानाने बघत होत्या.

“वेळ लागेल,” मी घसा साफ करून म्हटलं. “झेरॉक्स काढून द्या.”

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. काटक, सत्तरीच्या पुढची, पायाला शेतातली माती. सगळे तिला अज्जी म्हणत होते, मीही म्हणते. अज्जींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अक्कांना कानडीत विचारलं, “वही वाचणार त्या याच काय?” होय म्हटल्यावर त्या सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या.

त्यांचं म्हणणं अक्कांनी मला असं सांगितलं. पंधरा ऑगस्टला मारियामातेचा सण. त्या दिवशी सकाळी गावात आधी झेंडावंदन होतं आणि मग प्रत्येक घरातून नऊ झाडपाल्यांची एक जुडी चर्चमध्ये येते. फादर त्यावर तीर्थ शिंपडतात, मग ज्याने त्याने आपली जुडी घरी न्यायची. वर्षभर ती दारावर नाहीतर गोठ्यात टांगायची. गाय व्याली की तिला त्यातलं एक पान, वादळ झालं की चुलीत एक काडी, आणि घरात कोणी गेलं की त्याच्या हातात ती जुडी द्यायची. अज्जींनी नवऱ्याला दिली होती. या सगळ्या जुड्यांमध्ये पहिली जुडी मारियामातेच्या पायाशी ठेवायचा मान अज्जींच्या घराचा. अज्जींच्या पणजीने पहिली जुडी बांधली, म्हणून. ती त्या जर्मन बाईंच्या घरी स्वयंपाकाला होती. आईकडून मुलीकडे असा तो मान अज्जींपर्यंत आला.

फादरच्या खोलीच्या दारावर मागच्या वर्षीची सुकलेली जुडी लटकत होती. मी वर बघितलं आणि म्हटलं, “अगं बाई, ही तर पत्री!” तुळस, दूर्वा, हळदीचं पान, तुंब्याची पांढरी फुलं, आणि मधोमध तंबाखूचा तुरा. तंबाखू सोडली तर आमच्या हरतालिकेला चालली असती.

पण यंदा घोडं अडलं होतं. उत्सव समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले निवृत्त हेडमास्तर. सगळं गाव त्यांना मेष्ट्रे म्हणतं, कारण सगळं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालं आहे. मेष्ट्रांचं म्हणणं, चर्चमध्ये तंबाखू आणणं शोभत नाही, गोठ्यात पाला टांगणं ही अंधश्रद्धा, पाहुणे येणार, हसतील. बंद करा. फादर नवे, त्यांनी मध्यम मार्ग काढला होता. संस्थापकांच्या वहीत या प्रथेचा उल्लेख सापडला तर ती चालू राहील, नाहीतर नाही.

“माझ्या अज्जीची आई त्यात आहे,” अज्जी माझा हात धरून म्हणाल्या. “तेवढं बघा, तायी. यंदा जुडी मी न्यायची की नाही, ते तुमच्या हातात आहे.”

तायी म्हणजे आई. मी म्हटलं, बघते. काय कठीण आहे? मला जर्मन येतं.

पुढचे पंधरा दिवस मी त्या अक्षरांशी कुस्ती खेळले. जेवणाच्या टेबलावर झेरॉक्स पसरलेल्या, भिंग, पेन्सिल, आणि जुनी अक्षरं ओळखायचा तक्ता. पहिल्या दिवशी चार ओळी लागल्या. आठवड्याने पान लागायला लागलं. थोरल्या भावाचं लिखाण त्याच्या कौलांसारखं, सगळं एका मापाचं. पाऊस किती, भट्टी कशी पेटली, बैल कोणता लंगडा, भिंत किती हात वर आली. आणि अचानक एका दिवशी ती ओळ आली. पंधरा ऑगस्ट. आज औषधी वनस्पतींच्या जुड्यांना आशीर्वाद, आमच्या घराकडच्या रीतीप्रमाणे.

मी आनंदाने टेबलावर हात आपटला. मग मी आणखी वाचन केलं आणि कळलं की दक्षिण जर्मनीत खेडोपाडी ही प्रथा आजही आहे. तोच दिवस, त्याच जुड्या, गोठ्यात टांगणं, वादळात जाळणं, सगळं तेच. मधोमध तिथलं एक उंच पिवळ्या फुलांचं झाड असतं, इथे त्याच्या जागी तंबाखू. पुरावा! वहीची पुढची पानं मी भरभर चाळली. मागून, वही उलटी करून, दुसऱ्या कोणाच्या बारीक हस्ताक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. व्हिनेगर, साबण, कोबी आंबवणे. बायकोच्या पाककृती, म्हणून मी ती पानं बाजूला ठेवली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेनंतर समिती बसली. कॉफी, वडे, वीसेक माणसं. अज्जी खिडकीपाशी. आणि मी बोलायला उभी राहिले. काय सांगू, मी जी सुटले ती सुटलेच! उचलली जीभ लावली टाळ्याला. जर्मनीतली प्रथा, तिचं वय, तिचे प्रकार, तिकडचं ते पिवळं फूल. मी इंग्रजीत सांगत होते, फादर कानडीत. शेवटी मी टाळीची वाट बघत म्हटलं, “तेव्हा ही प्रथा तुमच्या संस्थापकांनी थेट जर्मनीहून आणलेली आहे. वहीत तसं स्पष्ट लिहिलंय.”

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात मेष्ट्रांनी वाजवल्या. अंधश्रद्धा म्हणणारा माणूस एका मिनिटात बदलला. ते उठून म्हणाले, “म्हणजे ही परदेशातली, मोठी परंपरा आहे. मग ती व्यवस्थित व्हायला हवी. पहिली जुडी संस्थापकांच्या नावाने समितीच्या अध्यक्षांनी नेणं योग्य. बाकी ते स्वयंपाकिणीचं वगैरे, त्या घरातल्या गप्पा. मॅडमनीच सांगितलं, प्रथा जर्मनांची आहे.”

आणि मी खरंच तसं सांगितलं होतं.

अज्जींनी कॉफी संपवली. पेला विसळून ठेवला. जाताना माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, “आयतु, तायी.” राग नाही, काही नाही. दोन दिवसांनी अक्कांना फादरचा फोन आला. अज्जींनी निरोप धाडला होता की यंदा त्या जुडी बांधणारच नाहीत. पहिली नाही, शेवटची नाही, कोणतीच नाही.

“तुम्ही तिला बुडवलं की हो,” अक्का म्हणाल्या. अक्का फटकळ, पण खोटं बोलत नाहीत.

मी चिडले. आधी अक्कांवर, मग मेष्ट्रांवर, मग बिचाऱ्या नवऱ्यावर, त्याने मीठ मागितलं म्हणून. इतिहास म्हणजे इतिहास, मी काय वहीत नसलेलं घालू? असं मी दोन दिवस घरभर ऐकवत फिरले. पण खरं सांगायचं तर मला स्वतःची लाज वाटत होती. त्या बाईने माझा हात धरून एकच गोष्ट मागितली होती, आणि मी वीस माणसांसमोर तिच्या पणजीला पुसून टाकलं होतं, तेही वडे खाता खाता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा टेबलाशी आला. भांडण मिटवायची त्याची एक पद्धत आहे, तो खाण्याचा विषय काढतो.

“त्या मागच्या पानांत पावाची कृती आहे का गं?” त्याने विचारलं. “तू म्हणालीस ना, त्या बाई पाककृती लिहायच्या. इथे गहू कुठे मिळत असेल तेव्हा? नाचणीचा करत असतील. बघ ना. मी करून बघतो.”

“हेच राहिलंय आता,” मी म्हटलं. तरी पानं काढली. त्याला उपाशी ठेवण्याचं पाप आणखी डोक्यावर नको होतं.

बाईंचं अक्षर त्यांच्या नवऱ्यापेक्षा गिचमिड, पण भाषा किती जिवंत! नाचणीचा पाव खरंच होता. “पहिला पाव धाकट्या दिराने भट्टीत विटांमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कोणालाच ओळखता आला नाही,” असं त्यांनी लिहिलं होतं. मी मोठ्याने हसले. मग साबण. मग दुधाला विरजण किती. आणि त्या विरजणाच्या खाली, काही मथळा नाही, काही नाही, एकदम पंधरा ऑगस्ट.

ती नोंद मी जशी वाचली तशी मराठीत लिहिते.

“आज मारियामातेचा सण. इथे माझ्या ओळखीचं एक झाड नाही. नऊ कुठून आणू? सकाळी ओसरीवर बसून रडले. नवरा म्हणाला, यंदा राहू दे. तिने मला रडताना बघितलं. मी हातवारे करून सांगितलं, नऊ झाडं, आईसाठी, औषधाची. ती तशीच निघून गेली. मला वाटलं कंटाळली. दुपारी आली ती चिखलात गुडघ्यापर्यंत भरलेली आणि हातात नऊ झाडं. एकेक दाखवून सांगितलं, हे पोटाला, हे तापाला, हे बाळंतिणीला. मधोमध उंच झाड लागतं म्हटल्यावर तंबाखूचा तुरा घेऊन आली. मला बांधता येईना, दोरा सारखा सुटत होता. जुडी तिने बांधली. ती आपल्या धर्माची नाही, तरी मी तिलाच पुढे चालायला लावलं. नवऱ्याला सांगितलं आहे, मी असेन नसेन, पहिली जुडी तिच्याच घरची.”

मी “ती” लिहिलं आहे, पण बाईंनी “ती” लिहिलेलं नव्हतं. नाव लिहिलं होतं. एकदा नाही, पाच वेळा.

मी ढसाढसा रडले. नवरा घाबरून पाणी घेऊन आला. त्याला काय सांगणार? म्हैसूरला आल्यावर पहिल्या हरतालिकेला मी पत्री शोधत कॉलनीभर हिंडले होते आणि शेवटी कुंडीतला पुदिना वाहिला होता. त्या परक्या बाईचं रडणं मला पाठ होतं. आणि मी, आयुष्यभर मुलींना भाषा शिकवलेली बाई, बाईच्या हातचं लिखाण दिसल्यावर काय केलं? चटणी-कोशिंबीर समजून बाजूला ठेवलं. पुरुषाने लिहिला तो इतिहास, बाईने लिहिलं ते विरजण! दोन थोबाडीत मारून घ्याव्यात असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं परत त्या रस्त्याला लागलो. आधी फादरकडे. त्यांनी ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि मेष्ट्रांना बोलावून घेतलं. मेष्ट्रांनी ती पानं हातात धरून उलटीसुलटी केली.

“पण हे पाककृतींमध्ये आहे,” ते म्हणाले. “विरजणाखाली. याला कागदपत्र म्हणायचं का?”

“मेष्ट्रे,” मी म्हटलं, आणि माझं बाजारापुरतं कानडी एकदम कुठून कोण जाणे धावून आलं, “वही एकच. पुढून वाचली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. मागून वाचली की कागदपत्र नाही? चूक माझी आहे. मी अर्धीच वाचली. आता सगळ्यांसमोर सांगते. सांगू की नको?”

फादर म्हणाले, “सणाच्या दिवशी, चर्चमध्ये सांगा.” अक्का म्हणाल्या, “आयतु.”

अज्जी शेतात होत्या. पानं जाड व्हावीत म्हणून तंबाखूचे तुरे खुडायचं काम चाललं होतं, ओंजळीत फुलं. मला बघून त्या खुडतच राहिल्या. मी बांधावर उभी राहून माफी मागितली, समितीपुढच्या भाषणासारखी नाही, अडखळत, अक्कांच्या मदतीने. मग माझं भाषांतर, त्यातल्या “ती”सकट, वाचून दाखवलं. चिखल, नऊ झाडं, तुरा, सुटणारा दोरा. अज्जींचे हात थांबले.

त्यांनी एकच गोष्ट विचारली. “नाव लिहिलंय?”

“लिहिलंय की. पाच वेळा.”

“काय नाव?”

मी अक्कांकडे बघितलं. अक्का माझ्याकडे. आमच्या लक्षातच आलं नव्हतं की त्यांना ते ठाऊक नसेल. घरात तिला सगळे स्वयंपाकवाली अज्जी म्हणत आले होते, आईने तेच सांगितलं, आईच्या आईने तेच. नाव कधीतरी वाटेत गळून गेलं होतं.

मी नाव सांगितलं. इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरचं आहे. अज्जी म्हणाल्या, परत. मी परत सांगितलं. मग त्या स्वतः म्हणाल्या, हळू, जिभेवर ठेवून बघावं तसं. मग मोठ्याने. मग पदराने तोंड पुसून हसायला लागल्या आणि अक्कांना म्हणाल्या, “किती छान नाव होतं आणि आम्ही मेल्यांनी तिला भांड्यात घालून ठेवलं!” त्या ओंजळीतले तुरे त्यांनी आमच्या गाडीत टाकले. नवऱ्याला आठवडाभर शिंका येत होत्या.

पंधरा ऑगस्टला आम्ही पहाटेच निघालो. शाळेच्या मैदानावर झेंडा चढला, लाडू वाटले, आणि तिथूनच सगळे चर्चकडे वळले. बायकांच्या हातात जुड्या, पोरींच्या हातात जुड्या, आणि दुसऱ्या हातात छोटा तिरंगा. तुळशीचा आणि ओल्या तंबाखूचा असा काही मिश्र वास सुटला होता की माझं डोकं गरगरायला लागलं. अज्जींनी नवी कोरी साडी नेसली होती. त्यांच्या जुडीतला तुरा सगळ्यांपेक्षा उंच.

फादरनी मला पुढे बोलावलं. मी आधी जर्मनमध्ये वाचलं. कोणाला कळणार नव्हतं, पण त्या बाईंचा आवाज तिथे एकदा उमटायला हवा, असं मला वाटलं. मग फादरनी कानडीत वाचलं. नाव आलं तिथे ते मुद्दाम थांबले. मी शेवटी म्हटलं, मागे मी इथे अर्धं सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. जर्मन बाईंना सण ठाऊक होता, पण झाडं ठाऊक नव्हती. झाडं यांच्या पणजीने आणली. आणि खाली बसले. यावेळी टाळीची वाट बघितली नाही.

अज्जी एकट्या मधल्या वाटेने चालत गेल्या. जुडी मारियामातेच्या पायाशी ठेवली. फादर पुढची प्रार्थना सुरू करणार, तेवढ्यात अज्जींनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि लोकांकडे वळल्या.

“ऐकलंत ना तिचं नाव?” त्या म्हणाल्या. “आता जो जुडी ठेवेल तो तिचं नाव घेऊन ठेवेल. आजपासून.” आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. कोणाला विचारलं नाही, फादरनाही नाही.

फादर हसले आणि बाजूला सरकले. बायका उठल्या. पहिली आली, जुडी ठेवली, नाव घेतलं. दुसरी आली. तिसरी. एक पोर नाव विसरली, तर मागच्या पाचजणींनी एकदम सांगितलं. दीडशे घरं आणि दीडशे वेळा ते नाव. मी किती वेळ टिकले कोण जाणे, मग मला समोरचं काही दिसेना. नवऱ्याने रुमाल दिला, तो त्याचाही ओला होता.

बायका संपल्यावर, ज्या घरांची जुडी पुरुषांकडे होती ते आले. सगळ्यात शेवटी मेष्ट्रे. त्यांच्याही हातात जुडी होती, नीट, दोऱ्याने बांधलेली, तुरा थोडा वाकडा. त्यांनी ती ठेवली, हात जोडले, ओठ हलवले. कोणाला काही ऐकू गेलं नाही.

“जोरात, मेष्ट्रे!” पहिल्या बाकावरून अज्जी म्हणाल्या.

याच माणसाने गावातल्या एकूण एक जणाला आयुष्यात कधी ना कधी हेच म्हटलेलं होतं. मेष्ट्रांचे कान लाल झाले. त्यांनी मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्या स्वयंपाकिणीचं नाव घेतलं.